डॅम्परचा व्हेलॉसिटी ग्राफ: नॉईज काढताना लूप कुठून आला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलाय का ते कळेल. दुचाकीच्या मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची टेस्ट करताय, स्प्रिंग काढून, नुसता डॅम्पर, म्हणजे हालचालीला विरोध करणारा ऑइलचा भाग. मशीन स्कॉच योकचं, म्हणजे मोटरच्या फिरण्यातून साइन वेव्हसारखी सरळ पुढे-मागे हालचाल देणारं, स्ट्रोक ५० मिमी म्हणजे मध्यापासून अधिक-उणे २५, वेग २ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला दोन सायकली. डिस्प्लेसमेंट एलव्हीडीटी या पोझिशन मोजणाऱ्या सेन्सरवरून, फोर्स लोड सेल या बल मोजणाऱ्या सेन्सरवरून, दोन्ही सेकंदाला १००० रीडिंग. एक्सेलमध्ये आत्ताच्या रीडिंगमधून मागचं वजा करून ०.००१ ने भागलंत, व्हेलॉसिटी आली पण केसाळ आली, तेच परत केलंत तर अ‍ॅक्सलरेशनमध्ये काहीच ओळखू येईना. मग व्हेलॉसिटीवर ५१ पॉइंटचा मूव्हिंग अ‍ॅव्हरेज लावलात, लाइन छान गुळगुळीत झाली, पण फोर्स-व्हेलॉसिटी प्लॉटमध्ये जाडजूड लूप उघडला, म्हणजे एकाच व्हेलॉसिटीला दोन वेगळे फोर्स दिसू लागले, आणि सर म्हणाले ऑइलमध्ये हवा आहे, डॅम्पर बदला. आणि तुम्ही विचारताय की डेरिव्हेटिव्ह (रीडिंग बदलण्याचा दर) काढण्याआधी लावायला सगळ्यात चांगला फिल्टर कोणता.

डॅम्पर इतक्यात बदलू नका. मी सस्पेन्शन टेस्टिंगमध्येच काम करते आणि हा लूप माझ्या ओळखीचा आहे, त्यातला बराचसा भाग तुमच्या एक्सेल शीटमध्ये तयार झालाय. तुमच्याकडे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि ते एकमेकांत मिसळलेत. एक, डेरिव्हेटिव्ह घेतला की नॉईज फुगतो. दोन, नॉईज घालवायला जे केलंत त्याने व्हेलॉसिटी वेळेत मागे सरकली आणि फोर्स होता तिथेच राहिला. दुसरा जास्त धोक्याचा आहे कारण तो दिसायला स्वच्छ दिसतो, म्हणून तो आधी घेते.

एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिसमधलं मूव्हिंग अ‍ॅव्हरेज आत्ताचा पॉइंट आणि मागचे ५० यांची सरासरी काढतं आणि आत्ताच्या ओळीत लिहितं. ती सरासरी खरं तर २५ ओळी आधीच्या क्षणाची आहे, म्हणजे २५ मिलिसेकंद मागची. २ हर्ट्झला एक सायकल ५०० मिलिसेकंदांची असते, त्यात २५ म्हणजे १८ अंश. आता तुमच्या मशीनची पीक व्हेलॉसिटी बघा, २π गुणिले २ गुणिले २५, साधारण ३१४ मिमी प्रति सेकंद. ती १८ अंश मागे पडली तर पिस्टन टोकाला जाऊन प्रत्यक्षात थांबलेला असतो त्या क्षणी तुमच्या कॉलममध्ये ९५ च्या आसपास व्हेलॉसिटी लिहिलेली असते. उलट बाजूने बघितलं तर, डॅम्पर सरळ रेषेत वागणारा धरला आणि पीकला ६०० न्यूटन देत असेल, तर प्लॉटवर शून्य व्हेलॉसिटीला १८० पेक्षा जास्त न्यूटन दिसतील, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. हाच तुमचा लूप. आणि पीक व्हेलॉसिटी मात्र या अ‍ॅव्हरेजने जेमतेम पावणेदोन टक्के कमी होते, त्यामुळे कोणी पीक तपासून बघितलं तरी संशय येत नाही.

म्हणून पहिला नियम असा धरा की विंडो नेहमी पॉइंटच्या दोन्ही बाजूंना सारखी पाहिजे, २५ मागचे, २५ पुढचे. डेटा रेकॉर्ड झालेला आहे, पुढचे पॉइंट हातात आहेत, मग ते वापरायला काय हरकत? मागचेच पॉइंट घेऊन चालवायची वेळ रिअल टाइम कंट्रोलमध्ये येते, तुमच्यावर ती नाहीये.

हवेबद्दल सरांची शंका चुकीची असेलच असं मी म्हणत नाहीये, पण ती तपासायला डेरिव्हेटिव्ह लागतच नाही. कच्चा फोर्स आणि कच्चं डिस्प्लेसमेंट, एवढाच प्लॉट काढा. ऑइलमध्ये हवा किंवा फेस असेल तर पिस्टन टोकाला वळल्यानंतर फोर्स लगेच उभा राहत नाही, थोडं अंतर रिकामं गेल्यासारखं होतं आणि मग एकदम चढतो, त्या कोपऱ्यात प्लॉटचा लचका तोडल्यासारखा दिसतो. तो लचका तिथे असेल तर कारण हवा तरी असेल किंवा बुश वा पिनमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा. नसेल तर डॅम्परला दोष द्यायच्या आधी शीट बघायचं. मी कुठलाही डॅम्पर बघताना हा प्लॉट पहिला काढते, कारण त्यात माझ्या गणिताचा हात लागलेला नसतो.

आता नॉईज. एलव्हीडीटीचा नॉईज किती हे तुम्ही लिहिलं नाहीये, उदाहरणापुरता ०.०२ मिमी धरते, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, सरासरीभोवती रीडिंग किती पसरतात ते. ५० मिमीच्या स्ट्रोकवर हा दिसतसुद्धा नाही, डिस्प्लेसमेंटचा ग्राफ सुरेख साइन वेव्ह दिसतो. पण तुम्ही लागोपाठची दोन रीडिंग वजा करता तेव्हा १ मिलिसेकंदात पिस्टन हललेला असतो जास्तीत जास्त ०.३१ मिमी, टोकाजवळ तर जवळपास शून्य, आणि दोन रीडिंगचा नॉईज मिळून होतो ०.०२८ मिमी. त्याला ०.००१ ने भागलं की २८ मिमी प्रति सेकंद. पीकच्या ९ टक्के नुसता नॉईज. मागचा आणि पुढचा पॉइंट घेऊन ०.००२ ने भागलंत तर तो १४ वर येतो, अर्धा झाला पण पुरेसा नाही. दुसरा डेरिव्हेटिव्ह तीन पॉइंटवरून काढलात तर नॉईज येतो सुमारे ४९,००० मिमी प्रति सेकंद वर्ग, म्हणजे जवळपास ५ जी, आणि तुमच्या मशीनचं खरं पीक अ‍ॅक्सलरेशन आहे फक्त ३९५० च्या आसपास, ०.४ जी. खऱ्या सिग्नलच्या बारा पट नॉईज, मग त्यात काय ओळखू येणार.

यावर बरेच जण सॅम्पलिंग वाढवतात, आणि वजाबाकीची पद्धत तीच ठेवली तर त्याने उलट वाट लागते. १० किलोहर्ट्झ केलंत की दोन पॉइंटमधलं खरं अंतर दहा पटीने कमी झालं, नॉईज तेवढाच राहिला, २८ चे २८० झाले. जास्त सॅम्पलिंगचा फायदा तेव्हाच जेव्हा तुम्ही तेवढ्याच वेळाच्या विंडोत जास्त पॉइंट एकत्र वापरता. त्यामुळे विंडोचा विचार पॉइंटमध्ये करण्याऐवजी मिलिसेकंदात करायची सवय लावा, सगळं सोपं होतं.

फिल्टर निवडायच्या आधी मात्र नॉईज कशाचा आहे ते बघावं लागतं, आणि इथे तुमच्या सेटअपवर बरंच अवलंबून आहे, मी इथे बसून सांगू शकत नाही. एक सोपी गोष्ट करा. मशीन थांबवून १० सेकंद रेकॉर्ड घ्या, एकदा मोटरची मेन बंद ठेवून आणि एकदा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं ड्राइव्ह) चालू पण मोटर उभी ठेवून. पहिल्या रेकॉर्डचं स्टँडर्ड डेव्हिएशन हा तुमचा खरा नॉईज, तो आकडा पुढे प्रत्येक ठिकाणी लागणार आहे, लिहून ठेवा. दुसऱ्यात तो एकदम वाढला तर व्हीएफडीचा त्रास सिग्नलच्या केबलमध्ये येतोय. तो सॉफ्टवेअरने काढायच्या मागे लागू नका, शील्ड असलेली केबल वापरा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, पॉवर केबलपासून लांबून न्या. कारण व्हीएफडीचं स्विचिंग काही किलोहर्ट्झचं असतं आणि तुमचं सॅम्पलिंग १ किलोहर्ट्झचं, एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाच्या) आधी अ‍ॅनालॉग फिल्टर नसेल तर वरची फ्रिक्वेन्सी खाली दुमडून येते. ९८० हर्ट्झचा त्रास तुमच्या डेटात २० हर्ट्झ म्हणून दिसेल आणि तो खरा की खोटा हे नंतर कुठलाही फिल्टर सांगू शकणार नाही.

त्या रेकॉर्डमध्ये पायऱ्या दिसल्या, म्हणजे रीडिंग दोन-तीन ठरावीक आकड्यांवरच उड्या मारतंय असं असेल, तर तो एडीसीचा प्रश्न. १२ बिट एडीसीवर १०० मिमी पसरवलेत तर एक पायरी ०.०२४ मिमीची होते, आणि एका पायरीची उडी १ मिलिसेकंदात म्हणजे २४ मिमी प्रति सेकंद. टोकाजवळ पिस्टन हळू असतो तिथे हे जास्त खटकतं, व्हेलॉसिटी शून्य, शून्य, शून्य, मग एकदम २४. रेंज स्ट्रोकला साजेशी करा किंवा १६ बिटचं कार्ड मिळालं तर बघा. आणि ५० हर्ट्झची लहर दिसली तर तो मेनचा हम, ०.०२ मिमीची लहर डेरिव्हेटिव्हनंतर ६ मिमी प्रति सेकंदांपेक्षा जास्त होते.

अजून एक विचारायचं राहिलं, तुमचे टाइमस्टॅम्प कुठून येतात? कार्डाच्या स्वतःच्या क्लॉकवरून असतील तर उत्तम. पण आर्डुइनो किंवा पीसीच्या प्रोग्रॅमने रीडिंग आल्यावर वेळ लिहिली असेल तर ती १ मिलिसेकंदाने इकडेतिकडे असू शकते, आणि पीक व्हेलॉसिटीला १ मिलिसेकंद म्हणजे ०.३ मिमी, एलव्हीडीटीच्या नॉईजच्या पंधरा पट. अशा डेटावर कितीही भारी फिल्टर लावा, मूळ दुखणं वेळेच्या कॉलममध्येच असतं. टाइम कॉलमचे लागोपाठचे फरक काढून एक हिस्टोग्राम बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

हे सगळं ठीक असेल तर मग स्मूदिंग. आधी स्मूथ करायचं आणि मग डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, अशा दोन पायऱ्या करायची गरजच नाही. प्रत्येक पॉइंटभोवती एक छोटी विंडो घ्या, तिच्यातल्या डिस्प्लेसमेंटमधून लीस्ट स्क्वेअरने, म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी राहील अशी, रेषा बसवा, त्या रेषेचा स्लोप हीच त्या मधल्या पॉइंटची व्हेलॉसिटी. एक्सेलमध्ये हे नुसत्या स्लोप फंक्शनने होतं, ४१ ओळींचं डिस्प्लेसमेंट आणि ४१ ओळींचा टाइम द्या आणि उत्तर मधल्या म्हणजे २१ व्या ओळीत लिहा, खाली ड्रॅग करा. लक्षात ठेवा, उत्तर मधल्या ओळीत, शेवटच्या ओळीत लिहिलंत की परत तोच लूप.

रेषेऐवजी पॉलिनोमियल बसवलं की तोच सॅविट्झ्की-गोले फिल्टर. १९६४ साली अब्राहम सॅविट्झ्की आणि मार्सेल गोले यांनी केमिस्ट्रीतल्या स्पेक्ट्रमसाठी तो मांडला, त्यांच्या छापील तक्त्यांतल्या काही आकड्यांच्या चुका १९७२ मध्ये दुसऱ्या लोकांनी दुरुस्त केल्या, म्हणून जुन्या कुठल्या झेरॉक्सवरून कोइफिशंट उतरवून घेऊ नका. पायथनच्या सायपाय या लायब्ररीत तो तयार आहे, डेरिव्हेटिव्हची ऑर्डर १ द्या आणि डेल्टा (दोन रीडिंगमधला वेळ) ०.००१ द्या. डेल्टा दिला नाही तर तो १ धरतो आणि तुमची व्हेलॉसिटी हजार पट लहान येते.

विंडो किती? इथे मी तुम्हाला तयार नंबर देण्यापेक्षा तो कसा काढायचा ते सांगते, कारण उद्या तुम्ही ५ हर्ट्झला टेस्ट कराल. विंडो मोठी केली की नॉईज कमी होतो, पण विंडोच्या आत खरी मोशन वाकते आणि सरळ रेषा ते वाकणं कापून टाकते, म्हणजे पीक कमी येतो. दोन्हीचे आकडे काढता येतात. ०.०२ मिमी नॉईज, १ किलोहर्ट्झ, २ हर्ट्झची मोशन यासाठी २१ पॉइंटच्या विंडोत नॉईज ०.७ मिमी प्रति सेकंदांवर येतो आणि पीक ०.१७ टक्के कमी होतो. ५१ पॉइंटला नॉईज ०.१९ आणि पीक १ टक्का कमी. १०१ ला नॉईज ०.०७, पीक ४ टक्के कमी. २०१ ला पीक १५ टक्के गेला. बघा, ३१४ च्या पीकवर ०.७ नॉईज असला काय आणि ०.०७ असला काय, तुमच्या फोर्स-व्हेलॉसिटी कर्व्हला काही फरक पडत नाही, पण ४ टक्के पीक गेला तर डॅम्पिंग कोइफिशंट ४ टक्के चुकला. म्हणजे २१ पॉइंटलाच तुमचं काम झालेलं होतं. लाइन डोळ्यांना गुळगुळीत दिसेपर्यंत विंडो वाढवत नेण्याची जी सवय असते ती इथे सोडायची. थोडासा खरखरीतपणा प्लॉटमध्ये राहू दे, त्याने काही बिघडत नाही.

वरचे आकडे नॉईज प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र आहे असं धरून आहेत. ५० हर्ट्झचा हम असेल तर तसं नसतं. २१ पॉइंटच्या विंडोतून हमचा चौथा हिस्सा पार होतो, ४१ पॉइंटला फक्त ७ टक्के उरतो, आणि ४१ ला पीकची घट ०.७ टक्क्यांच्या आत आहे. म्हणून हम असेल तर ४१, नसेल तर २१ ते ३१, असं मी तुमच्या जागी केलं असतं. पीकमध्ये एवढीही घट नको असेल तर ५१ पॉइंट आणि क्यूबिक, म्हणजे तिसऱ्या डिग्रीचं पॉलिनोमियल, घ्या. त्याच विंडोत रेषेपेक्षा क्यूबिकचा नॉईज साधारण अडीच पट असतो, ०.१९ चा ०.५ च्या जवळ जाईल, पण २ हर्ट्झला पीकची घट मोजण्याइतकीसुद्धा उरत नाही. त्याच्या वरच्या डिग्रीच्या भानगडीत पडू नका, डिग्री वाढवली की पॉलिनोमियल नॉईजच्याच मागे धावायला लागतं.

मधेच एखादा उंच काटा येत असेल, कनेक्टर सैल असला की येतो, तर तो सगळ्यात आधी ३ किंवा ५ पॉइंटच्या मीडियन फिल्टरने (क्रमाने लावून मधला आकडा घेणाऱ्या) काढा. लीस्ट स्क्वेअरला काटा काढता येत नाही, तो अख्ख्या विंडोभर पसरवला जातो आणि मग तो खऱ्या मोशनसारखा दिसतो. रेकॉर्डच्या सुरुवातीला आणि शेवटाला विंडो अर्धवट भरते, तिथली व्हेलॉसिटी विश्वासाची नसते, त्यामुळे दोन सायकल जास्त रेकॉर्ड करा आणि पहिली-शेवटची टाकून द्या.

आता इतकं सगळं सांगूनही, तुमच्या केसमध्ये मी स्वतः यातलं काहीच पहिलं वापरणार नाही. तुमचं मशीन स्कॉच योकचं आहे, मोशन साइन वेव्ह आहे हे तुम्हाला आधीच माहीत आहे, मग त्या माहितीचा उपयोग करा ना. पूर्ण रेकॉर्डमधून लीस्ट स्क्वेअरने एक साइन बसवा, सोबत दुसरा-तिसरा हार्मोनिक (दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीची लहर) घ्या, आणि बसलेल्या समीकरणाचा डेरिव्हेटिव्ह कागदावर घ्या. १० सेकंदांचे दहा हजार पॉइंट मिळून अँप्लिट्यूडमधली चूक ०.०००३ मिमीच्या घरात येते, त्याच्यापुढे कुठलीच विंडो टिकत नाही. डेरिव्हेटिव्ह एकदा घ्या, दोनदा घ्या, नॉईज फुगायचा प्रश्नच उरत नाही. फ्रिक्वेन्सी मात्र २ हर्ट्झ गृहीत धरू नका, तीसुद्धा फिट करा, इंडक्शन मोटर लोडखाली स्लिप होते आणि डिस्प्लेवर २.०० लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात १.९६ असू शकते. टेस्ट लांबली आणि वेग हळूहळू बदलला तर एकेक सायकल वेगळी फिट करा. कोणाचं मशीन स्कॉच योकऐवजी साध्या क्रँक आणि कनेक्टिंग रॉडचं असेल तर दुसरा हार्मोनिक विसरून चालणारच नाही, २५ मिमी क्रँक आणि १५० मिमी रॉडला तो डिस्प्लेसमेंटमध्ये फक्त १ मिमीचा असतो पण व्हेलॉसिटीत ८ टक्क्यांपर्यंत जातो.

साइन फिट कुठे चालणार नाही तेही सांगते. पिनमध्ये प्ले असेल तर टोकाला पिस्टन क्षणभर अडकून मग झटक्याने निघतो, तो झटका दोन-तीन हार्मोनिकमध्ये मावत नाही. रस्त्यावरचा डेटा असेल, ड्रॉप टेस्ट असेल, मशीन सर्व्होहायड्रॉलिक असून रोड प्रोफाइल चालवत असेल, तर मोशनचा आकार आधी माहीत नसतो. तिथे विंडोचा फिटच वापरावा लागतो किंवा बटरवर्थ लो पास, म्हणजे कटऑफच्या वरच्या फ्रिक्वेन्सी दाबणारा फिल्टर, पण तो एकदा पुढून आणि एकदा उलट मागून चालवायचा म्हणजे फेजचा सरक रद्द होतो. दोनदा चालवल्याने कटऑफ खाली सरकतो हे विसरलं जातं, दुसऱ्या ऑर्डरचा फिल्टर दोनदा चालवून खरा कटऑफ २० हर्ट्झ हवा असेल तर डिझाइन करताना २० भागिले ०.८०२, म्हणजे २५ च्या जवळ द्यावा लागतो. कटऑफ कितीचा ठेवायचा हे तुम्हाला जी सगळ्यात वेगवान खरी हालचाल टिकवायची आहे तिच्यावरून ठरवा, त्याच्या काही पट वर ठेवा.

अ‍ॅक्सलरेशनबद्दल. ते तुम्हाला कशाला हवंय हे तुम्ही लिहिलं नाहीये, बहुतेक लोड सेलच्या रीडिंगमधून हलणाऱ्या वस्तुमानाचा इनर्शिया फोर्स वजा करायला असावं. लोड सेल वरच्या स्थिर क्रॉसहेडला असेल आणि त्याच्यासोबत काही हलत नसेल तर ते लागतच नाही. लोड सेल हलणाऱ्या बाजूला असेल तरी आधी हिशोब करा, दीड किलोचं फिक्स्चर गुणिले ३.९५ म्हणजे पीकला ६ न्यूटन. ६०० न्यूटनच्या टेस्टमध्ये त्यासाठी दुसरा डेरिव्हेटिव्ह काढायचा की नाही तुम्हीच ठरवा. लागलाच तर साइन फिटवरून घ्या. विंडोवरूनच काढायचा झाला तर १०१ पॉइंट आणि क्वाड्रॅटिक (दुसऱ्या डिग्रीचं पॉलिनोमियल) लावून ४९,००० चा नॉईज ५ च्या आसपास येतो आणि पीक ३ टक्क्यांच्या आत कमी होतो, पहिल्या डेरिव्हेटिव्हपेक्षा दुसऱ्याला रुंद विंडो लागते हे लक्षात असू द्या. वर काढलेल्या व्हेलॉसिटीची परत वजाबाकी करून अ‍ॅक्सलरेशन काढू नका.

फोर्सचं काय करायचं? फोर्सवरही स्मूदिंग करणार असाल तर तेही दोन्ही बाजूंना सारख्या विंडोनेच. बेताने करा, व्हॉल्व्ह उघडतो तिथे कर्व्हला जो कोपरा असतो तो गोल होऊन जातो आणि तुम्हाला बहुधा तोच बघायचा असतो. जमत असेल तर फोर्स कच्चा ठेवून वीसेक सायकलींची सरासरी घ्या, प्रत्येक सायकल एकाच पोझिशनपासून सुरू करून. कोपरा बऱ्यापैकी टिकतो, नॉईज जातो.

एवढं करूनही थोडा लूप उरेल. काही खरा असतो, गॅस चार्ज, ऑइलची कंप्रेसिबिलिटी, रबर बुशचं दबणं, हे सगळे लूप देतात. आणि काही इलेक्ट्रॉनिक्समुळे असतो. एलव्हीडीटीच्या सिग्नल कंडिशनरमध्ये १०० हर्ट्झचा साधा फिल्टर असेल तर तो १.६ मिलिसेकंद उशीर करतो, २ हर्ट्झला ६ मिमी प्रति सेकंदांची चूक, आणि लोड सेलच्या अ‍ॅम्प्लिफायरचा उशीर वेगळाच असतो. हे वेगळं काढायचा एक उपाय मला फार आवडतो. डॅम्पर उतरवा आणि त्याच फिक्स्चरमध्ये नुसती कॉइल स्प्रिंग लावा, तुम्ही काढून ठेवलेली चालेल, फक्त ती पूर्ण स्ट्रोकभर दाबलेली राहील अशी बसवा. स्प्रिंगचा फोर्स डिस्प्लेसमेंटबरोबर चालतो, इनर्शियासुद्धा त्याच फेजमध्ये असतो, त्यामुळे फोर्स-डिस्प्लेसमेंट प्लॉट एक बारीक रेघ यायला हवी. रेघेऐवजी लूप आला तर, स्प्रिंग कुठे घासत नसेल तर, तो दोन चॅनेलमधला उशीर आहे. ०.५, १, २ हर्ट्झला चालवून बघा, लूप वेगाच्या प्रमाणात वाढत गेला तर उशीर नक्की, सगळ्या वेगांना तेवढाच राहिला तर घर्षण. उशीर किती मिलिसेकंद ते त्यावरून काढा आणि तेवढा एक कॉलम सरकवा, मग डॅम्पर लावा.

शेवटी विंडो बरोबर निवडली का हे तपासायला, कच्च्या डिस्प्लेसमेंटमधून फिट केलेलं वजा करा आणि जे उरतं ते प्लॉट करा. त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन मशीन थांबवून काढलेल्या आकड्याच्या जवळ आलं पाहिजे आणि त्यात स्ट्रोकच्या तालावर वर-खाली होणारं काही दिसता कामा नये. ताल दिसला तर तुम्ही खरी मोशन कापलीत, विंडो लहान करा. आणि एक नकली डेटा बनवा, २५ मिमीची २ हर्ट्झची साइन, त्यात तुमच्या मापाचा नॉईज, आणि तो त्याच शीटमधून चालवा. व्हेलॉसिटीचा पीक ३१४ आणि टोकाला शून्य आलं पाहिजे, तुमचं आत्ताचं शीट या परीक्षेत टोकाला ९५ देईल.

रिपोर्टमध्ये विंडोची लांबी मिलिसेकंदात, फिटची डिग्री आणि चॅनेलचा उशीर किती दुरुस्त केला ते लिहा, नाहीतर दुसऱ्या कोणाला तुमच्या कर्व्हशी तुलना करता येणार नाही. मशीन थांबवून घेतलेला रेकॉर्ड आणि स्प्रिंगचा प्लॉट पाठवलात तर ४१ ठेवायचे की २१ ते मी बघून सांगते.